कशावरून?

मराठीत ‘तत्त्वज्ञान’ हा शब्द दोन निराळ्या सुरांत ऐकू येतो. महाविद्यालयातल्या विभागाच्या पाटीवर तो भारदस्त दिसतो. घरात कुणी जेवताना आयुष्याबद्दल बोलत सुटले, की तोच शब्द ‘पुरे आता तुझे तत्त्वज्ञान’ असा येतो. दोन्ही ठिकाणी समजूत एकच असते : कुणाला तरी काही गवसले आहे आणि तो ते आता इतरांना सांगणार आहे. शब्दाची घडणही तशीच आहे. तत्त्वाचे ज्ञान. ‘दर्शन’ हाही जुना शब्द. त्यातही पाहणाऱ्याचे पाहून झालेले असते.

‘फिलोसोफिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ शहाणपणाची ओढ. ओढ असते ती हाती न आलेल्या गोष्टीची. आपल्याकडे वाद नव्हता असे मला मुळीच म्हणायचे नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडल्याशिवाय आपला सिद्धान्त पुढे करायचा नाही, ही पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची शिस्त इथलीच. पण ‘तिकडच्या थोरांनी काय सांगितले’ अशा अपेक्षेने पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाकडे गेलो, तर हाती परस्परविरोधी मतांची लांबलचक यादी येते आणि मन विटते. विद्यार्थिदशेत मीही असाच विटलो होतो. मते बाजूला ठेवून, ती मते ज्या प्रश्नांनी पाडली आणि पुन्हा उभी केली ते प्रश्न पाहू लागलो, तेव्हा कुठे गोडी लागली. प्रश्न दोनच आहेत आणि रोजच्या बोलण्यातले आहेत. ‘म्हणजे काय?’ आणि ‘कशावरून?’

इ.स.पू. 399. अथेन्समध्ये धर्माशी संबंधित फिर्यादी ज्या अधिकाऱ्यापुढे येत, त्याच्या कचेरीबाहेर सत्तर वर्षांचा सॉक्रेटिस उभा आहे. बाप पाथरवट, आई सुईण; स्वतः त्याने एक ओळही लिहून ठेवलेली नाही. नगराच्या देवांना मानत नाही, नवी दैवते आणतो आणि तरुणांना बिघडवतो, असा आरोप त्याच्यावर आहे. तिथे त्याला युथिफ्रो भेटतो. धर्माचे आपल्याइतके कुणाला कळत नाही अशी युथिफ्रोची खात्री आहे. तो तिथे आला आहे स्वतःच्या बापावर खुनाची फिर्याद घालायला.

प्रकरण असे. नॅक्सॉस बेटावर त्यांची शेती होती. तिथल्या एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाचा गळा चिरला. बापाने मजुराचे हातपाय बांधून त्याला खंदकात टाकले आणि पुढे काय करावे हे विचारायला माणूस अथेन्सला धाडला. तो परत येईपर्यंत खंदकातल्या माणसाकडे कुणी पाहिले नाही. थंडीने, भुकेने तो मेला. आता नातेवाईक युथिफ्रोवर संतापले आहेत. मेलेला मुळात खुनी, आणि त्याच्यासाठी मुलगा बापाला कोर्टात खेचतो? युथिफ्रो म्हणतो, मी करतो आहे ते धर्माला धरूनच आहे.

सॉक्रेटिस विचारतो, मग धर्माला धरून असणे म्हणजे काय, ते मला शिकव.

पहिले उत्तर येते : मी आत्ता करतो आहे तेच. सॉक्रेटिस म्हणतो, हे झाले उदाहरण. ज्याच्यामुळे अशी सगळी उदाहरणे धर्म्य ठरतात ते मला हवे आहे. दुसरे उत्तर : देवांना आवडते ते धर्म्य. पण देवांची तर आपसांत भांडणे होतात, एकाला आवडते ते दुसऱ्याला आवडत नाही. मग तिसरे : सगळ्या देवांना आवडते ते. इथे सॉक्रेटिस जो प्रश्न टाकतो तो जवळजवळ अडीच हजार वर्षांतही जुना झालेला नाही. ती गोष्ट धर्म्य आहे म्हणून देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून ती धर्म्य ठरते?

पहिल्यांदा वाचताना हा शब्दांचा खेळ वाटतो. देवांच्या जागी दुसरे कुणी ठेवून पाहावे. थोरले काका म्हणतात म्हणून ते बरोबर, की बरोबर आहे म्हणून काका म्हणतात? कायद्यात आहे म्हणून ते न्याय्य, की न्याय्य आहे म्हणून कायद्यात आले? आज्ञेमुळेच गोष्ट बरोबर ठरत असेल, तर उद्या उलट आज्ञा निघाली की उलटे बरोबर ठरेल आणि तक्रारीला जागाच उरणार नाही. गोष्ट मुळातच बरोबर असेल, तर तिचे बरोबरपण आज्ञा देणाऱ्यावर टेकलेले नाही. आज्ञा देणारा चुकू शकतो आणि त्याला ‘कशावरून?’ असे विचारता येते. या फटीतून पुढचे सारे नीतिशास्त्र आणि राज्यशास्त्र आत आले आहे.

युथिफ्रोला वाचक सहसा मूर्ख ठरवतात. मला तसे वाटत नाही. मेलेला आपला होता की परका, याने काही फरक पडत नाही. मारले ते न्यायाने की अन्यायाने, एवढेच पाहायचे, असे तो सुरुवातीलाच म्हणतो. एका मजुरासाठी असे म्हणणारा माणूस त्या शहरात विरळाच असणार. त्याला आपल्या बरोबर असण्याचे कारण सांगता येत नव्हते, एवढेच. आपल्यापैकी बहुतेकांना ते सांगता येत नाही.

संवादाला निष्कर्ष नाही. घाईचे काम आहे असे सांगून युथिफ्रो निघून जातो. सॉक्रेटिसचा खटला पुढे नागरिकांच्या मोठ्या ज्यूरीपुढे चालला. परंपरेने सांगितलेली त्यांची संख्या 501. तीसएक मते फिरली असती तर तो सुटला असता. त्याला विष प्यावे लागले. ज्याने हे लिहून ठेवले, तो प्लेटो तेव्हा अठ्ठाविशीच्या आसपास होता.

पुढे प्लेटोच्या अकादमीत ॲरिस्टॉटल वीस वर्षे राहिला आणि गुरूच्या मध्यवर्ती सिद्धान्ताचेच खंडन करून गेला. ही रीत त्याच्याही आधीची. मिलेटसचा थेलीस म्हणाला, सगळ्याच्या मुळाशी पाणी आहे. त्याच्याच परंपरेतला ॲनॅक्झिमँडर म्हणाला, पाणी कसे असेल? पाण्यापासून त्याच्या विरुद्ध असलेला अग्नी कसा निघेल? मुळाशी कुठलाच ठरावीक गुण नसलेले काहीतरी हवे. दोघांचीही उत्तरे आज टिकलेली नाहीत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याने कारण देऊन नाकारले आणि तरी त्याचा वारसदार म्हणूनच तो ओळखला गेला, ही गोष्ट टिकली.

मिलेटस आजच्या तुर्कस्तानात येते. ख्रिस्ती तत्त्वज्ञानाचा पाया घालणारा ऑगस्टीन आजच्या अल्जीरियात जन्मला. बगदादमध्ये ॲरिस्टॉटलची अरबी भाषांतरे झाली, आणि बाराव्या शतकातल्या कॉर्डोव्हाच्या इब्न रुश्दच्या भाष्यांवरून युरोपने ॲरिस्टॉटल पुन्हा शिकला. तेव्हा ‘पाश्चात्त्य’ हे विशेषण सोयीपुरतेच घ्यावे.

‘कशावरून?’ हा प्रश्न स्वतःवर सर्वांत निष्ठुरपणे लावला तो रने देकार्तने, 1641 च्या त्याच्या ‘चिंतनां’मध्ये. डोळे फसवतात, स्वप्नातही जागेपणाची खात्री वाटते. एखादी कपटी शक्ती मला दोन अधिक तीन पाच या बेरजेतही फसवत नसेल कशावरून? तरी फसवला जाणारा कुणीतरी आहे, विचार करणारा मी आहे, एवढे उरते. त्यावरून त्याने मन आणि शरीर ही दोन सर्वस्वी निराळी द्रव्ये मानली : शरीर जागा व्यापते, मन व्यापत नाही.

हेगमध्ये निर्वासित म्हणून राहणारी चोविशीतली एक राजकन्या, बोहेमियाची एलिझाबेथ, हे वाचून मे 1643 मध्ये त्याला पत्र लिहिते. विद्यापीठाची दारे तिला बंद होती. तिचा प्रश्न असा : ढकलायचे तर स्पर्श हवा, आणि स्पर्शाला जागा व्यापणारे काही हवे, मग जागाच न व्यापणारे मन हात कसा उचलते? देकार्तने उत्तर दिले. तिने नम्रपणे कळवले की हे पटले नाही. त्याने पुन्हा लिहिले, तिने पुन्हा अडवले. देकार्त 1650 मध्ये गेला, तोवर त्यांचा पत्रव्यवहार चालू राहिला. आज मेंदूतल्या पेशींच्या हालचालींतून दुखण्याची जाणीव नेमकी कशी होते, असे आपण विचारतो तेव्हा तिच्याच प्रश्नाचे दुसरे टोक धरलेले असते. मला या पत्रव्यवहारात सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट. युरोपभर गाजलेल्या माणसाने, जिला वर्गात बसायची परवानगी नव्हती तिच्या आक्षेपाला, तो आक्षेप आहे एवढ्याच कारणाने उत्तर देणे लागतो असे मानले.

अशा प्रश्नांचे काय होते? काही तत्त्वज्ञानाच्या घरातच राहतात. काहींची मोजमापाची रीत सापडते आणि ते वेगळी चूल मांडतात. न्यूटनच्या 1687 च्या ग्रंथाच्या नावात ‘निसर्गाचे तत्त्वज्ञान’ असेच शब्द आहेत. ॲडम स्मिथ ग्लासगोला नीतिदर्शनाचा प्राध्यापक होता. जॉर्ज बूलने 1854 मध्ये तर्काला बीजगणिताचे रूप दिले. क्लॉड शॅननने ते मिशिगन विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकले, आणि 1937 मध्ये दाखवून दिले की विजेच्या कळांच्या मांडणीलाही तेच बीजगणित लागू पडते. खिशातला फोन त्या मांडणीवर चालतो. पण एवढ्यावरून तत्त्वज्ञानाची किंमत ठरवू नये. वेगळ्या न झालेल्या प्रश्नांपाशी समाजाला त्याची खरी गरज लागते. एक उदाहरण सविस्तर सांगतो.

जानेवारी 2003. एक माणूस छोटे विमान पळवून फ्रँकफर्टच्या बँकांच्या उंच इमारतींवर घिरट्या घालू लागला. युरोपीय मध्यवर्ती बँकेवर विमान आदळण्याची त्याची धमकी होती. तो अखेर सुखरूप उतरला. पण सप्टेंबर 2001 मधली न्यूयॉर्कवरच्या विमानहल्ल्याची घटना ताजी होती. जर्मनीने कायदा केला आणि 2005 मध्ये तो लागू झाला : प्रवासी विमान शस्त्र म्हणून वापरले जाणार असेल आणि दुसरा इलाज नसेल, तर संरक्षणमंत्री ते पाडण्याचा हुकूम देऊ शकेल.

हिशेब सरळ दिसतो. विमानातले लोक तसेही मरणार. पाडले तर खालचे हजारो वाचतील. जेरेमी बेंथॅमच्या उपयुक्ततावादाने हाच हिशेब मांडायला शिकवले : जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त भले, आणि मोजताना प्रत्येकाची किंमत एक. या विचाराला कोरडा म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. राजाचे सुखदुःख आणि हमालाचे सुखदुःख एकाच मापाने मोजा, असे तो म्हणत होता.

15 फेब्रुवारी 2006 रोजी कार्ल्सरूहेच्या घटना न्यायालयाने कायद्यातले हे कलम रद्द केले. जर्मनीच्या 1949 च्या मूलभूत कायद्याचे पहिलेच कलम मानवी प्रतिष्ठा अनुल्लंघनीय आहे असे सांगते. प्रतिष्ठा म्हणजे काय, याचा अर्थ लावताना कायदेपंडित गुंटर ड्यूरिग यांनी 1950 च्या दशकात कसोटी दिली होती : माणसाला निव्वळ वस्तू केले की प्रतिष्ठा भंगते. तिच्यामागे इमॅन्युएल कांटचा 1785 मधला विचार आहे. वस्तूला किंमत असते, तिच्या जागी तेवढ्याच किमतीची दुसरी ठेवता येते. माणसाच्या जागी काहीच ठेवता येत नाही. म्हणून त्याला कधीही नुसते साधन म्हणून वापरायचे नाही. न्यायालय म्हणाले, प्रवाशांना मारून इतरांना वाचवणे म्हणजे सरकारने त्यांना वस्तूप्रमाणे वापरणे. ते थोड्याच वेळात मरणार होते हा युक्तिवाद चालणार नाही, कारण जगणे किती उरले आहे यावर जीविताचे संरक्षण अवलंबून नसते. शिवाय त्या क्षणी आकाशात नेमके काय चालले आहे, हे जमिनीवरून खात्रीने कळते कशावरून? विमानात फक्त अपहरणकर्ते असतील तर गोष्ट निराळी, हेही न्यायालयाने सांगितले. आपल्या कृत्याची जबाबदारी त्यांनी स्वतःच ओढवून घेतलेली असते.

या निकालाने माझे मन पुरते निवत नाही. खालच्या इमारतीत आपले माणूस असेल तर? पण हा पेच मंत्र्याच्या त्या क्षणीच्या घालमेलीवर न सोडता, दोन्ही बाजूंची कारणे उघड मांडून, लेखी निकालात सोडवला गेला, आणि तो चुकीचा आहे असे म्हणणाऱ्यालाही कारणेच द्यावी लागतात. कांटची पुस्तके कोनिग्सबर्गच्या एका प्राध्यापकाच्या खोलीत लिहिली गेली, त्यानंतर 200 हून अधिक वर्षांनी विमानात बसलेल्या माणसांच्या बाजूने ती उभी राहिली.

ब्रिटनच्या फिलिपा फूट यांनी 1967 मध्ये एका निबंधात ट्रामचे उदाहरण घेतले होते : थांबवता न येणारी ट्राम सरळ गेली तर पाच कामगार मरतील, वळवली तर एक. पुष्कळांना ते रिकामटेकडे कोडे वाटले. 2017 मध्ये जर्मनीच्या नीतिविषयक आयोगाला चालकविरहित मोटारींसाठी 20 नियम घालून द्यावे लागले, तेव्हा तेच कोडे टेबलावर होते. अटळ अपघातात वय, लिंग, शरीर किंवा मनाची ठेवण पाहून कुणाला वाचवायचे हे ठरवायचे नाही, असा एक नियम झाला. मोटार बनवणाऱ्याला हे आधीच संगणकात लिहून ठेवावे लागते. क्षणाच्या भरात झाले, असे त्याला म्हणता येत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती झाकून हा विषय सांगणे खोटेपणाचे होईल. काही माणसे जन्मतःच गुलाम असतात, असे ॲरिस्टॉटलने लिहिले. डेव्हिड ह्यूमच्या एका तळटीपेत आणि कांटच्या वंशविषयक लेखनात काळ्या लोकांबद्दल लाजिरवाणी विधाने आहेत. जॉन स्टुअर्ट मिलने 1859 मध्ये स्वातंत्र्यावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला आणि त्यातच, रानटी समाजांसाठी हुकूमशाही चालेल असे म्हटले. हा मिल 1823 ते 1858 अशी 35 वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरी करत होता. ‘रानटी’ म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे आपले पूर्वज होते.

या चुका दाखवायला बाहेरचे हत्यार लागत नाही. त्याच ह्यूमने 1739-40 च्या ग्रंथात दाखवले होते की ‘आहे’ अशा विधानांवरून बोलता बोलता लोक ‘असावे’ वर उडी मारतात आणि ती उडी कशाच्या बळावर मारली ते सांगत नाहीत. आपल्याकडे ही उडी रोज दिसते : आजवर असेच चालत आले आहे, म्हणून असेच चालावे. मिलने 1869 मध्ये स्त्रियांच्या दास्यावर लिहिताना त्याच फटीत बोट घातले. ज्याला तुम्ही स्त्रीचा स्वभाव म्हणता, तो दबलेल्या अवस्थेतच पाहिलेला आहे. मोकळ्या अवस्थेत ती कशी असेल हे तुम्हाला कळले कशावरून?

पुण्यात मिल आणि स्पेन्सर वाचून गोपाळ गणेश आगरकरांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ हे वृत्तपत्र काढले आणि संमतिवय, केशवपन, स्त्रीशिक्षण अशा प्रत्येक बाबीत रूढीला कारण विचारले. त्यांच्या कितीतरी आधी, 1847 च्या सुमारास, जोतीराव फुल्यांनी टॉमस पेनचे माणसाच्या हक्कांवरचे पुस्तक वाचले होते. जिथे तो नेण्याचे युरोपीय लेखकांच्या मनातही नव्हते तिथे फुल्यांनी ‘कशावरून?’ हा प्रश्न नेला : जन्मावरून उच्चनीच ठरते, कशावरून? धर्मग्रंथावरून. तो ग्रंथ कुणी लिहिला, आणि त्यात कुणाचा लाभ आहे? युथिफ्रोच्या पेचाला हे नवे वळण होते. आज्ञा बरोबर आहे का, एवढ्यावर न थांबता आज्ञा मुळात कुणाची, हेही विचारले गेले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठात होते आणि तिथले तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसत. ड्यूईंच्या मते लोकशाही म्हणजे निव्वळ राज्यपद्धती नव्हे, तर अनुभव वाटून घेत एकत्र जगण्याची रीत. 1936 मध्ये जातिसंस्थेच्या उच्छेदावरचे भाषण छापताना बाबासाहेबांनी ड्यूईंचे ऋण उघडपणे मान्य केले. मात्र 1954 मध्ये आकाशवाणीवरून बोलताना त्यांनी स्पष्ट सांगितले की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नाही, ते बुद्धाकडून आलेले आहे. या दोन गोष्टींत मला विसंगती दिसत नाही. विचाराची रीत एकीकडून शिकावी आणि ती चालवून जे पटते ते आपल्या मातीत शोधावे, यात ऋणही नाकारले जात नाही आणि मानही तुकवावी लागत नाही.

पुण्यातच 1983 मध्ये पाश्चात्त्य आणि भारतीय या दोन परंपरा समोरासमोर बसल्या. तत्त्वज्ञ मे. पुं. रेगे आणि दया कृष्ण यांच्या पुढाकाराने न्यायदर्शनाच्या पंडितांपुढे बर्ट्रांड रसेलचा विधानाविषयीचा सिद्धान्त संस्कृतात मांडण्यात आला. रसेलच्या मते वाक्य निराळे, ते बोलणाऱ्याच्या मनातली जाणीव निराळी, आणि खरे-खोटेपण ज्याला लागते ते विधान त्या दोहोंहून निराळे. न्यायपरंपरेत खरे-खोटेपण लागते ते ज्ञानाला. मग वाक्यही नव्हे आणि ज्ञानही नव्हे, असे हे मधले म्हणजे काय, आणि ते मानायचे कशावरून? हा प्रश्न रसेललाही छळत होता. विधानाविषयीचे आपले मत त्याने हयातीत एकाहून अधिक वेळा बदलले. पुण्यातली ती चर्चा पुढे 1991 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. पुस्तकाचे नाव ‘संवाद’.